माजी सैनिकांच्या आठवणी गोळा करून नेमकं मिळतं काय?

कृष्णाकाठचा

नमस्कार मंडळी.

सातारा जिल्ह्यातल्या बऱ्याच गावांत चावडीच्या नाहीतर देवळाच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी बसवलेली दिसते. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने लावलेली. मजकूर सगळीकडे साधारण तोच: या गावातून इतके लोक १९१४-१९ च्या महायुद्धात गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. आकडे तेवढे बदलतात. नाव एकाचंही नाही. आजच्या इराकमधल्या बसऱ्याच्या स्मारकावरही तेच झालं. मेसोपोटेमियात प्राण दिलेल्या हिंदी अधिकाऱ्यांची नावं तिथे कोरली आणि साध्या शिपायांची पलटणवार संख्या लिहून मोकळे झाले.

आमच्या भागात घरटी एखादा माणूस फौजेत असतोच. अपशिंग्याच्या तर नावालाच 'मिलिटरी' चिकटलेलं आहे. तरीही खापरपणजोबा कुठल्या वाळवंटात गेले, हे विचारलं तर घरातलं कोणी सांगू शकत नाही. 'बसऱ्याला गेले होते म्हणे', इथे गाडी थांबते.

बँकेतून निवृत्त झाल्यावर मी जमेल तसा आसपासच्या गावांत जाऊन पेन्शनीवर आलेल्या जवानांच्या आठवणी रेकॉर्ड करतो. बासष्ट, पासष्ट, एकाहत्तर, श्रीलंका, कारगिल. बरेचसे शिपाई, नाईक, हवालदार. मोबाईल खाटेवर ठेवायचा आणि ऐकत बसायचं. मित्र विचारतात, पुस्तक काढणार का? यूट्यूबवर टाकून पैसे मिळतात का? दोन्ही नाही.

माझं मत असं झालंय की यातली पहिली कमाई त्या घराची असते. चहा घेऊन आलेली सून दारातच थबकते. नातू हातातला मोबाईल खाली ठेवतो. ज्या माणसाशी घरात एरवी 'गोळी घेतली का' आणि 'पंखा बंद करू का' एवढंच बोललं जातं, तो लडाखमधल्या रात्री कशा काढल्या ते सांगत असतो. त्याने लपवलेलं नसतं. सवडीने बसून कोणी विचारलेलंच नसतं.

इथपर्यंत माझी खात्री आहे. पुढे अडतो. हे सगळं जगासमोर मांडावं का? की घरच्यांच्या हवाली करून बाजूला व्हावं? तुमच्यापैकी कोणी असं काही केलं असेल, घरात कोणी फौजी असेल, तर लिहा. काय मिळालं आणि काय बिनसलं, दोन्ही.

खवय्या

पहिला नंबर! वाचतोय. चहा टाकलाय, येऊ द्या.

अंगणवेल

माझे बाबा जंगी पलटणीत, म्हणजे पहिल्या मराठा लाईट इन्फंट्रीत होते. डिसेंबर १९७१ मध्ये तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या जमालपूरला. ब्रिगेडियर क्लेर यांनी 'शरण या' म्हणून चिठ्ठी पाठवली आणि पाकिस्तानी कर्नलने उत्तरासोबत बंदुकीची गोळी पाठवली, ही गोष्ट बऱ्याच जणांनी वाचली असेल. त्या रात्री वेढा फोडून निघालेल्या बलुच पलटणीची गाठ बाबांच्या पलटणीशी पडली. मी हे कॉलेजात असताना वाचलं आणि धावत जाऊन बाबांना विचारलं. म्हणाले, "हो, होतो तिथं." विषय संपला.

पुढे बरीच वर्षं गेली. बाबांची पंचाहत्तरी उलटली, आई गेली. एकदा मी सहज विचारलं, "तेव्हा खायला काय असायचं हो?" आणि बाबा मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिले. पिशवीतले शक्करपारे. वाटेतल्या गावांतून मुरमुरे आणि गूळ घेऊन येणारी माणसं. पैसे पुढे केल्यावर रागावलेली एक म्हातारी. होडीत बसल्यावर घाटावरच्या पोरांची तंतरलेली आणि त्यांना हसणारा मालवणचा एक शिपाई. असं करत करत ते स्वतःच त्या रात्रीपर्यंत आले.

रात्रीबद्दल फार बोलले नाहीत. सकाळबद्दल बोलले. समोरच्या बाजूच्या मेलेल्या एकाच्या खिशात त्यांना पत्र सापडलं होतं. उर्दूत होतं, वाचता आलं नाही. त्यांनी ते साहेबांकडे दिलं. मग मला विचारतात, "पोचलं असेल का गं ते?"

बाबांच्या मनात तो प्रश्न किती वर्षं होता, मला माहीत नाही. पण तो विचारायला त्यांना माझ्याआधी कोणी भेटलं नव्हतं. हे इथे लिहू का, असंही मी त्यांना विचारलं. म्हणाले, लिही, माझं नाव नको. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे एवढंच उत्तर आहे.

उडाणटप्पू

अंगणवेल, __/\__

दस्तऐवज

विषय चांगला आहे, पण थोडं थंड पाणी ओततो.

माणसाची आठवण प्रत्येक वेळी सांगताना थोडी बदलते. मी एका माजी सैनिकाचं रेकॉर्डिंग ऐकलं आहे. एका चकमकीचं इतकं बारीक वर्णन की अंगावर काटा येतो. नंतर पाहिलं तर त्यांची तुकडी त्या भागात पोचली ती शस्त्रसंधीनंतर. गृहस्थ खोटारडे नव्हते. इस्पितळात शेजारच्या खाटेवरच्या जवानाकडून ती हकीकत इतक्या वेळा ऐकली की ती त्यांचीच होऊन गेली. असं कोणाचंही होतं.

त्यामुळे विचारताना 'तुम्ही पाहिलं की ऐकलं?' हे वेगळं काढलंच पाहिजे, आणि कागदाशी ताळा घातलाच पाहिजे. पहिल्या महायुद्धाच्या पलटणींच्या रोजनिशा लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, बऱ्याच ऑनलाइन मिळतात. आपल्याकडे संरक्षण मंत्रालयाने जून २०२१ मध्ये धोरण आणलं: कागद साधारण २५ वर्षांनी खुले करायचे आणि मोहिमांचे इतिहास पाच वर्षांत पुरे करायचे. कागद हाती येईल तेव्हा येईल. तोवर आठवणी गोळा करा, जरूर करा, फक्त त्यांना इतिहास म्हणून छापू नका.

अंगणवेल

पलटणीच्या रोजनिशीत शक्करपाऱ्यांची नोंद नसते हो, दादा.

दस्तऐवज

नसते, मान्य. पण शक्करपाऱ्यांवरून सीमारेषाही ठरत नाही. :)

उडाणटप्पू

दस्तऐवजरावांचं म्हणणं मला फार पटलं, कारण आमचे मोठे काका. काकांनी पासष्टचं युद्ध जवळपास एकट्याने जिंकलं. खेमकरणला त्यांनी पॅटन रणगाडे फोडले. मी लहान असताना दोन फोडले होते. मग दर दिवाळीला एक वाढत गेला. मधल्या भावाच्या लग्नापर्यंत त्यांनी पाकिस्तानकडे रणगाडाच शिल्लक ठेवला नव्हता.

काका गेल्यावर ट्रंकेत डिस्चार्जचं पुस्तक मिळालं. काका ड्रायव्हर होते. आर्मी सर्व्हिस कोअर. आम्ही पोटभर हसलो. पुढे त्यांच्या बरोबरचे एक आजोबा दहाव्याला आले होते, ते म्हणाले, "तुमच्या काकाला हसू नका. रात्री दिवे न लावता दारूगोळ्याची गाडी पुढं न्यायची. पाठीमागे गोळे भरलेले. एक ठिणगी पडली की गाडी आणि ड्रायव्हर कुठे शोधायचे तेही कळणार नाही. आणि तो हे गाणी म्हणत करायचा."

आता मला सांगा, ही गोष्ट रणगाड्यांपेक्षा भारी नाही का? पण आम्ही पोरांनी त्यांना कायम एकच विचारलं: काका, किती मारले? ड्रायव्हर माणूस काय सांगणार? त्याने गिऱ्हाईक बघून माल दिला.

खवय्या

'गिऱ्हाईक बघून माल दिला' =)) =))

सुभेदार_साहेब

जय हिंद. मुलाने धागा दाखवला म्हणून खाते उघडले. टायपिंग सावकाश आहे, सांभाळून घ्या.

मी मराठा लाईट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून पेन्शनीवर आलो. वरच्या भावाने लिहिले ते बरोबर आहे. लोक येतात ते एकच विचारतात. शाळेत १५ ऑगस्टला बोलावतात. शाल, नारळ, आणि 'मुलांना स्फूर्ती येईल असं काहीतरी सांगा'. मग आम्ही पण तेच सांगतो जे लोकांना पाहिजे. घरी येऊन वर्दी उतरवली की वाटते, हे तर आपले काहीच नव्हते.

विचारायचे असेल तर असे विचारा. भरतीला घरातून कोणाला सांगून गेलात? बेळगावला पहिल्या रात्री झोप लागली का? (मला नाही लागली. शेजारचा पोरगा रात्रभर रडत होता, मी पण पांघरुणात रडून घेतले. पुढे तो माझ्या मुलीच्या लग्नाला आहेर घेऊन आला.) पहिल्या पगाराचे काय केले? सुट्टी मंजूर होऊन रद्द कशी झाली? बाप वारल्याची तार किती दिवसांनी मिळाली? उंचावरच्या पोस्टवर बर्फ वितळवून पाणी कसे करायचे? रॉकेलचा वास सहा महिने भाताला येतो. आज पण स्टोव्ह पेटला की मला ती पोस्ट दिसते.

फौजेची नोकरी म्हणजे गोळीबार कमी आणि वाट बघणे जास्त. त्याबद्दल कोणी विचारत नाही.

एक सूचना. जुनी युद्धे ठीक आहेत. पण हल्लीची ठिकाणे, पोस्टचे रस्ते, कोणते हत्यार कुठे, हे कोणी बोलण्याच्या ओघात सांगितले तरी इंटरनेटवर टाकू नका. फोटोच्या मागे काय दिसते ते पण बघा. सांगणारा म्हातारा असतो, भरात येतो. ऐकणाऱ्याने शुद्धीवर राहावे.

कृष्णाकाठचा

सुभेदारसाहेब, स्वागत. तुमचा प्रतिसाद मी छापून वहीत चिकटवणार आहे. अशा प्रश्नांचीच मला गरज होती.

शैलाताई

सगळे फौजीच का म्हणते मी? फौजीच्या बायकोला कोणी कधी विचारलंय?

आमचं लग्न झालं आणि महिन्याच्या आत हे गेले. पत्ता काय, तर नंबर, नाव, पलटण आणि '५६ एपीओ'. हे ५६ एपीओ कुठे आहे ते पोस्टमनलाही माहीत नसायचं. माणूस राजस्थानात आहे की काश्मिरात, पत्ता तोच. सासूबाई अंगणात उभ्या राहून विचारायच्या, "आज तिकडं पाऊस असंल का गं?" तिकडं म्हणजे कुठं, ते त्यांनाही ठाऊक नाही आणि मलाही नाही.

पत्र यायला वेळ लागायचा. पत्रात लिहिलेलं असायचं, 'मी खुशाल आहे'. पण ते दोन आठवड्यांपूर्वी खुशाल होते. रेडिओवरची बातमी आजची. मधल्या दिवसांचा हिशोब आम्ही बायकांनी कसा घातला, ते आमचं आम्हाला माहीत. शेताच्या बांधावरून दिराशी भांडण, पोराचा गोवर, विहिरीची मोटर जळाली, यातलं काहीही पत्रात लिहायचं नाही. तिकडे त्यांचा जीव लागणार नाही म्हणून. तेही लिहायचे नाहीत, इकडे आमचा लागणार नाही म्हणून. अशी दोघांनी मिळून वीस वर्षं एकमेकांना पत्रं लिहिली!

मागे कोणीतरी यांची मुलाखत घ्यायला आलं होतं. मी चहा-पोहे केले. जाताना म्हणाले, "काकू, फार छान पोहे." माझ्याजवळ पत्रांची पेटी आहे हे मीही त्यांना सांगितलं नाही.

अंगणवेल

शैलाताई, ती पेटी उघडा. आणि इथे लिहा, मी तुमची पहिली वाचक.

खवय्या

विषयांतराबद्दल क्षमस्व, पण फौजी लंगरची डाळ आणि पुरी-भाजी यावर कोणी लिहिणार आहे का? आमच्या शेजारच्या हवालदारकाकांच्या हातची डाळ खाल्ली आहे. मी विचारलं तर म्हणाले, शंभर माणसांच्या खाली मला प्रमाणच येत नाही.

उडाणटप्पू

डाळीचं जाऊ द्या, कॅन्टीनच्या रमवर वेगळा धागा हवा. माजी सैनिकांच्या आठवणी गोळा करण्यात आमच्या गल्लीतल्या लोकांना एवढा रस का, ते महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कळतं.

धागासंपादक

रमवरचे पुढचे अकरा प्रतिसाद 'खाऊगल्ली'त हलवले आहेत. इथे विषयाला धरून लिहावे ही विनंती.

नालंदा_१४

धागाकर्त्यांनी पाटीवर नाव नाही म्हटलं. आमच्याकडची गोष्ट त्याच्याही अलीकडची आहे.

फौजेची परंपरा आमच्या समाजात जुनी. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार होते, हे सगळ्यांना माहीत असतं. पण १८९० च्या दशकात इंग्रजांनी महारांची भरतीच बंद केली. गोपाळबाबा वलंगकर स्वतः फौजेतून निवृत्त झालेले. ती भरती पुन्हा सुरू करा म्हणून त्यांनी अर्ज केला. गरज पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभारली, गरज संपली तशी १९२१ मध्ये मोडली. महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ साली, बेळगावात.

माझे आजोबा त्या पहिल्या काही वर्षांत भरती झाले. सुट्टीवर आले की वर्दीतच गावच्या थांब्यावर उतरायचे. मुद्दाम. सगळ्यांनी बघावं म्हणून. आणि समोरच्या हॉटेलात त्यांना चहा वेगळ्या कपात मिळायचा. हे त्यांनी वडिलांना सांगितलं, वडिलांनी मला. आजोबांच्या आवाजात ते कुठेही नाही. कारण गावात 'आपल्या वीरांच्या आठवणी' म्हणून स्मरणिका निघाली तेव्हा आमच्या वस्तीकडे कोणी फिरकलंच नाही.

तेव्हा गोळा करणाऱ्याने कोणत्या घरांची कडी वाजवली, हेही बघायला हवं. एकाच गावातल्या दोन सैनिकांची लढाई एक असते, सुट्टी एक नसते.

शैलाताई

नालंदा, शेवटचं वाक्य काळजात घुसलं.

कृष्णाकाठचा

नालंदा, मान्य आहे. मी ओळखीतून ओळखीत जातो आणि ओळखी कशा असतात ते आपल्याला माहीत आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातल्या फलकावर माजी सैनिकांना उद्देशून एक चिठ्ठी लावायचा विचार आहे. म्हणजे माझ्या ओळखीबाहेरचे लोकही येतील. तुमच्या गावी यायला आवडेल. वडील बोलतील का?

नालंदा_१४

बोलतील. कार्यकर्ते आहेत, थांबवायला मात्र तुम्हाला जमलं पाहिजे.

लांबची_मावशी

अमेरिकेतून लिहितेय. इथे लायब्ररी ऑफ काँग्रेसचा माजी सैनिकांच्या आठवणी जतन करण्याचा मोठा प्रकल्प आहे, संसदेच्या कायद्याने २००० साली सुरू झालेला. मुलाखत कोणीही घेऊ शकतं: नात, शेजारी, शाळकरी मुलं. अट साधी आहे, रेकॉर्डिंग किमान ३० मिनिटांचं हवं. पत्रं, डायऱ्या, फोटोही घेतात. हुद्दा बघत नाहीत. स्वयंपाकी, कारकून, नर्स, सगळे चालतात.

मी आमच्या गावच्या वाचनालयातर्फे त्यात मदत करायला लागले ते खरं तर इथल्या थंडीत घरात बसून कंटाळा यायचा म्हणून. एका आजोबांची मुलाखत होती, कोरियन युद्धातले छत्रीधारी सैनिक. मी भारतातली आहे म्हटल्यावर ते खुर्चीत सावरून बसले आणि म्हणाले, "तुमचे डॉक्टर आमच्याबरोबर विमानातून उडी मारून उतरले होते." मला काही ठाऊकच नव्हतं! घरी येऊन वाचलं. लेफ्टनंट कर्नल रंगराज यांची ६० वी पॅरा फील्ड अॅम्ब्युलन्स. मार्च १९५१ मध्ये मुनसानजवळ अमेरिकन सैनिकांबरोबर आपल्या तुकडीतल्या काही जणांनी खरोखर उडी घेतली होती. रंगराज यांना महावीर चक्र मिळालं.

पुढच्या वेळी गेले तर आजोबांनी मला पायातली जुनी जखम दाखवली. टाके कोणी घातले ते त्यांना नावानिशी आठवत नव्हतं, "पगडी नव्हती, मिशी होती" एवढंच आठवत होतं. ते नाव मी अजून शोधतेय. दस्तऐवज, काही मार्ग सुचतो का?

दस्तऐवज

मिशीवरून शोध घेणं अवघड आहे, मावशी. :) तुकडीतल्या बऱ्याच जणांना पदकं मिळाली, त्या याद्यांपासून सुरुवात करता येईल. विपु करतो, म्हणजे तुमच्या पानावर निरोप टाकतो.

दर्यावर्दी

सगळे पायदळाचं बोलताय, आम्हा कोकणातल्यांचं आरमार राहिलं.

माझे पणजोबा रत्नागिरीकडचे, रॉयल इंडियन नेव्हीत तारायंत्रावर. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईला 'तलवार' या नौदलाच्या तळावर होते. १८ तारखेला तिथून नाविकांचा उठाव सुरू झाला. निकृष्ट जेवण, गोऱ्या अधिकाऱ्यांची शिवीगाळ अशा तक्रारींवरून पेटलं आणि बंदरातल्या जहाजांवर पसरलं. पुढे अनेकांना नोकरीवरून काढलं, त्यांत पणजोबाही. पेन्शन नाही, काही नाही. गावी येऊन आंब्याच्या बागेत राखण केली.

घरात आम्ही काय ऐकलं? 'त्यांना काढून टाकलं होतं.' चारचौघांत हा विषय काढायचा नाही. लहानपणी मला वाटायचं त्यांनी चोरीबिरी केली असावी. आजीच्या आत्तेभावाने एका लग्नात सहज सांगितलं तेव्हा खरं कळलं. तोवर पणजोबांना जाऊन एक पिढी झाली होती. कुलाब्याला त्या उठावाचं स्मारक आहे. वडिलांना घेऊन गेलो. वडील बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "आयला, आणि आपण लपवत होतो."

तेव्हा काय मिळतं विचाराल, तर आमच्या घराची मान सरळ झाली. पणजोबांना त्याचा उपयोग शून्य.

मनमोकळं

मी मानसोपचार क्षेत्रात काम करते. वाचताना आनंद झाला आणि थोडी काळजीही वाटली.

बोलल्याने मोकळं वाटतं हे खरं, पण सगळ्यांना आणि दर वेळी नाही. मुलाखत संपते, तुम्ही पेढा खाऊन घरी जाता आणि त्या माणसाला पुढचे तीन दिवस झोप लागत नाही. विशेषतः ज्यांच्या लढाईचं कौतुक झालं नाही त्यांच्या बाबतीत जपा. श्रीलंकेत १९८७ ते १९९० आपली शांतिसेना होती. हजारापेक्षा जास्त जवान गेले. परत आले तेव्हा देशात त्या मोहिमेबद्दल वादच जास्त होते. त्या लोकांशी बोलताना 'नेमकं काय झालं?' म्हणून खोदू नका. ते थांबले की आपण थांबायचं. विषय बदलला तर बदलू द्यायचा. घरातलं एक माणूस जवळपास असू द्या, आणि दुसऱ्या दिवशी फोन करा. मुलाखतीबद्दल नको, जेवलात का म्हणून करा.

अंगणवेलने जेवणापासून सुरुवात केली ना, ते फार शहाणपणाचं होतं.

पाऊलवाट

'जगासमोर मांडावं का' यावर आमचा अनुभव. माझ्या मामांचं बोलणं एका ओळखीच्याने मोबाईलवर घेतलं. मामा एकाहत्तरला पश्चिम सीमेवर होते. तासभर बोलले. त्यातला मिनिटभराचा तुकडा कापून, मागे ढोल-ताशे लावून, वर 'एकट्याने चौकी जिंकणारा वाघ' असं लिहून कोणीतरी पुढे ढकललं. मामांनी तसं म्हटलंच नव्हतं. ते म्हणाले होते, 'आम्ही चौकी घेतली'.

आठवड्याभरात तो तुकडा त्यांच्याच पलटणीतल्या जुन्या दोस्तांच्या ग्रुपवर पोचला. कोणी चेष्टा केली, कोणी खरंच चिडलं. त्या चौकीवर एका दोस्ताचा भाऊ गेला होता. मामांनी प्रत्येकाला फोन करून सांगितलं, मी असं बोललो नाही. महिनाभर कॅन्टीनला गेले नाहीत.

आता कोणी मुलाखत घ्यायला आलं की मामी आधी विचारते, "पूर्ण ठेवणार का कापणार?"

उडाणटप्पू

मामींना मुख्य संपादक करा कोणीतरी.

सुभेदार_साहेब

पाऊलवाट यांनी लिहिलेले फार गंभीर आहे. फौजेत 'मी' म्हणणारा माणूस दोस्तांच्या नजरेतून उतरतो. बाहेरच्यांना ते कळत नाही. त्यांना एक हिरो पाहिजे असतो.

पाऊलवाट

बरोबर, साहेब. पण उलटही आहे. सांगलीकडचे मुरलीकांत पेटकर बघा. पासष्टच्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलं, १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये! मधली चार दशकं किती जणांना माहीत होतं? 'आम्ही काही बोलत नाही' म्हणणाऱ्यांचं असं होतं. म्हणून मामांना मी अजूनही बोला म्हणते. फक्त रेकॉर्डिंग माझ्याकडे राहतं.

कृष्णाकाठचा

सगळ्यांना एकत्र उत्तर देतो.

दस्तऐवज, तुमचा मुद्दा मी घेतला आहे, पण अर्धाच. इस्पितळातल्या शेजाऱ्याची लढाई स्वतःची म्हणून सांगणारे ते गृहस्थ लढाईच्या इतिहासाला निरुपयोगी असतील. पण दोन जखमी माणसं शेजारशेजारच्या खाटांवर रात्री काय बोलत होती, ते त्यांच्याशिवाय कोण सांगणार? मी ते फेकणार नाही. बाजूला पेन्सिलने लिहून ठेवीन, 'स्वतः पाहिलेलं नसावं'.

मनमोकळं, फोनचं आजपासून सुरू.

मांडण्याबद्दल, वरचं सगळं वाचून माझा कल ठरत चाललाय. रेकॉर्डिंग न कापता पेन ड्राइव्हवर घरच्यांना द्यायचं. पहिल्यांदा ते घरात, सगळ्यांनी मिळून ऐकायचं. बाहेर काय जाईल ते त्यानंतर त्या माणसाने सांगायचं, आणि सांगितलं नाही तर काहीच जाणार नाही. यात वेळ जातो. काही जण 'नको' म्हणतील आणि उत्तम गोष्टी कपाटात राहतील. राहू देत. संगमरवरी पाटी लावणाऱ्यांनीही गावाला विचारलं नव्हतं.

शैलाताई, तुमच्याकडे कधी येऊ? पोहे नकोत, पेटी हवी.

शैलाताई

या. यांना आधी विचारते. पत्रांत काही ठिकाणी मी रडून शाई फिसकटलीय, ती पानं मी आधी काढून ठेवणार आहे, आत्ताच सांगते.

दस्तऐवज

'अर्धाच' स्वीकारला त्याबद्दल आभार. :) पेन्सिलीची नोंद मला चालेल.

एक कामाची गोष्ट, ज्यांचे पूर्वज पहिल्या किंवा दुसऱ्या महायुद्धात मरण पावले त्यांच्यासाठी. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव टाकून शोधता येतं. बसऱ्याच्या दगडावर नसली तरी शिपायांची नावं नोंदींमध्ये आहेत, आणि बऱ्याच नोंदींत बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा लिहिलेला असतो. स्पेलिंग मात्र गोऱ्या कारकुनाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं. जाधव, शिंदे, पवार नेहमीच्या स्पेलिंगने मिळतीलच असं नाही. गावाचं नाव मोडून-तोडून चार तऱ्हांनी टाकून बघा. मी गेल्या वर्षी एका कुटुंबाला त्यांचा माणूस असा काढून दिला. घरात फक्त 'कुतला वेढ्यात घोडं खायची पाळी आली' एवढी ऐकीव गोष्ट होती. मेसोपोटेमियातल्या कुतच्या वेढ्यात, १९१५-१६ च्या हिवाळ्यात, मराठा पलटणी होत्या आणि खरंच घोडे कापावे लागले होते. तेवढ्यावरून पलटण ठरवली, पलटणीवरून यादी, यादीत गाव.

म्हणजे आठवणीशिवाय कागद सापडला नसता. हे मी स्वखुशीने लिहितोय, कोणी चिमटे काढू नका.

अंगणवेल

काढणार नाही. स्क्रीनशॉट मात्र घेतलाय.

दर्यावर्दी

दस्तऐवज, नौदलाचं असं काही?

दस्तऐवज

सेवेत असताना गेलेल्या नाविकांच्या नोंदी त्याच ठिकाणी मिळतील. तुमच्या पणजोबांसारख्यांचं वेगळं, विपु बघा.

सुभेदार_साहेब

कृष्णाकाठचे साहेब, पेरण्या उरकल्या की आमच्याकडे या. पण माझ्याआधी शेजारच्या गावातल्या हवालदारसाहेबांकडे जाऊ. बासष्टच्या युद्धातले आहेत. ऐकू कमी येते, मोठ्याने बोलावे लागेल. सकाळी दहाच्या आत गाठायला पाहिजे. नंतर ते पारावर पत्ते खेळायला बसतात आणि तिथून त्यांना जनरल आला तरी उठवता येत नाही.

खवय्या

मग पारावरच रेकॉर्ड करा की!

सुभेदार_साहेब

पारावर चौघे असतात. चौघांची चार युद्धे. सगळे एकदम बोलतात आणि मध्येच बदाम राणीवरून भांडतात.

दस्तऐवज

चौघे एकत्र भेटणार असतील तर मीही येतो. एकमेकांच्या तारखा तेच दुरुस्त करतील.